गुदमार्गातल्या खुणा: कोणती डोळ्यांना दिसते, कोणती बोटाला लागते

प्रश्न थोडक्यात असा: गुदमार्गाची लांबी एका पुस्तकात 2 सेंमी, दुसऱ्यात 4 सेंमी का दिलेली असते? आणि डेंटेट लाईन, हिल्टनची पांढरी रेषा, अ‍ॅनोरेक्टल रिंग ही नावं पाठ असूनही प्रत्यक्ष तपासणीत त्या जागा सापडत का नाहीत?

लांबीचं कोडं सोपं आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण मोजमाप वेगवेगळ्या ठिकाणी संपतं. शरीररचनाशास्त्राचा गुदमार्ग डेंटेट लाईनपासून (आतड्याचं आणि त्वचेसारखं अस्तर जिथे मिळतं ती रेषा) गुदद्वाराच्या कडेपर्यंत, म्हणजे सुमारे 2 सेंमी. सर्जनचा गुदमार्ग अ‍ॅनोरेक्टल रिंगपासून (गुदमार्गाच्या वरच्या टोकाचा स्नायूंचा पट्टा) त्याच कडेपर्यंत, म्हणजे सुमारे 4 सेंमी. पहिल्या व्याख्येमागे गर्भावस्थेतला आणि अस्तराचा विचार आहे, दुसरीमागे स्नायूंचा. रुग्णाचं मलनियंत्रण टिकणार की जाणार हे स्नायू ठरवतात, म्हणून शस्त्रक्रियेत दुसरी व्याख्या वापरतात. या उत्तरात गुदमार्ग म्हणजे सर्जनचा गुदमार्ग.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तिथे घोळ होतो कारण सगळ्या खुणा एकाच प्रकारच्या समजून शिकवल्या जातात. डेंटेट लाईन फक्त दिसते. निरोगी माणसात ती बोटाला लागत नाही. अ‍ॅनोरेक्टल रिंग फक्त बोटाला लागते. प्रोक्टोस्कोपमधून (गुदमार्ग पाहण्याची आखूड नळी) तिच्याकडे बोट दाखवता येत नाही. दोन स्फिंक्टरांमधली (गुदमार्ग आवळून धरणारे कडीसारखे स्नायू: आतला इंटर्नल, बाहेरचा एक्सटर्नल) खाच हाताला लागते, आणि तिच्या नावावर खपवली जाणारी पांढरी रेषा जिवंत माणसात बहुधा दिसतच नाही. कुठली खूण कोणत्या इंद्रियाची, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आधी दिशा. गुदद्वारातून आत जाताना गुदमार्ग पुढे आणि वर, साधारण बेंबीच्या रोखाने जातो. रिंगपाशी आला की मलाशय मागे, त्रिकास्थीकडे वळतं. विश्रांतीत हा कोन साधारण 90 अंशांचा असतो आणि मलविसर्जनाच्या वेळी तो उघडतो. हा कोन तयार करतो प्युबोरेक्टॅलिस: जघनास्थीच्या मागून निघून मलाशयाच्या पाठीमागून वळसा घालून पुन्हा पुढे येणारा यू आकाराचा पट्टा. प्रोक्टोस्कोप सरळ मागे ढकलला तर तो गुदमार्गाच्या मागच्या भिंतीवर टेकतो आणि रुग्ण कळवळतो. आधी बेंबीकडे, रिंग ओलांडल्याचं जाणवलं की मग मागे, हा क्रम हाताच्या सवयीचा व्हायला हवा.

बाहेरून सुरुवात करू. पहिली खूण म्हणजे गुदद्वाराची कड, अ‍ॅनल व्हर्ज. नितंब हलके बाजूला केल्यावर गुदमार्गाच्या भिंती जिथे एकमेकींना टेकलेल्या दिसतात ती ही जागा. तिच्या बाहेर केस, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी असलेली, रंगाने गडद, सुरकुतलेली त्वचा. आत गुळगुळीत, केस नसलेलं अस्तर. मलाशयातल्या गाठीचं अंतर इथूनच मोजतात, म्हणून ही खूण सरकली की सगळे आकडे सरकतात. नितंब जोरात ताणले तर आतलं अस्तर बाहेर उलटतं आणि खोटी कड तयार होते. गाठीचं अंतर लिहायचं असेल तर ते सरळ, न वाकणाऱ्या स्कोपने मोजावं. लवचीक कोलोनोस्कोपच्या दांड्यावरचा आकडा वळणं आणि ताण यांमुळे सहज काही सेंमीने चुकतो, आणि खालच्या मलाशयात 2 सेंमीचा फरक शस्त्रक्रियेचा प्रकार बदलून टाकतो. कर्करोगाच्या वर्गवारीत कडेपासून 5 सेंमीच्या आतला त्वचेवरचा, नितंब हलके बाजूला करताच पूर्ण दिसणारा अर्बुद गुदद्वाराभोवतीचा म्हणून वेगळा धरतात. जो असा पूर्ण दिसत नाही तो गुदमार्गातला.

कडेच्या किंचित आत बोटाचं टोक फिरवलं की एक उथळ, गोलाकार खाच लागते. ही इंटरस्फिंक्टेरिक ग्रूव्ह: वर इंटर्नल स्फिंक्टरची खालची कड, खाली एक्सटर्नल स्फिंक्टरचा त्वचेखालचा भाग, मध्ये ही घळ. एकोणिसाव्या शतकात जॉन हिल्टन यांनी या जागी पांढरी रेषा वर्णिली आणि ती पुस्तकांत कायमची राहिली. विद्यार्थी ती रेषा शोधत बसतात. शोधू नका, बोटाने खाच चाचपा. स्पर्शात फरक असा: वरची कड घट्ट, कडक दोरीसारखी आणि सतत आवळलेली, कारण इंटर्नल स्फिंक्टर अनैच्छिक आहे. खालचा भाग मऊ, आणि रुग्णाला आवळायला सांगितलं की हलणारा.

इथे एक सापळा आहे. भूल दिल्यावर एक्सटर्नल स्फिंक्टर सैल पडून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि इंटर्नलची खालची कड जवळजवळ गुदद्वाराच्या कडेशी येते. जागेपणी जिथे खाच लागली होती तिथे भुलेत ती मिळत नाही. लॅटरल स्फिंक्टेरोटॉमी (फिशरसाठी, म्हणजे अस्तराला पडलेल्या चिरेसाठी, इंटर्नल स्फिंक्टरला बाजूला दिलेला छेद) करताना नवखा सर्जन हाताला लागलेला पहिला गोल पट्टा कापतो. तो कधी एक्सटर्नलचा असतो आणि तिथून पुढची गळती रुग्णाच्या वाट्याला येते. छेद दिल्यावर रंग पाहावा. इंटर्नल स्फिंक्टर पांढुरका, चकचकीत, गुळगुळीत स्नायू आहे; एक्सटर्नल लालसर, मांसल. कॉटरीचा (विजेने कापण्या-जाळण्याच्या उपकरणाचा) स्पर्श झाला की एक्सटर्नल उडतो, इंटर्नल तसा उडत नाही. प्रसूतीत फाटलेला गुदमार्ग शिवतानाही हीच परीक्षा उपयोगी पडते. लाल स्नायूची टोकं जुळवली आणि पांढुरक्या स्नायूकडे लक्षच गेलं नाही, तर दोन्ही स्फिंक्टर फाटलेली 3सी दर्जाची इजा फक्त एक्सटर्नल फाटलेली 3बी म्हणून नोंदली जाते आणि इंटर्नल न शिवता राहतो.

खाच ते डेंटेट लाईन हा टप्पा अ‍ॅनोडर्मचा. हे अस्तर त्वचेसारखंच चपट्या पेशींच्या थरांचं, पण त्यात केस नाहीत, ग्रंथी नाहीत. ते पातळ आहे, खालच्या इंटर्नल स्फिंक्टरला घट्ट चिकटलेलं आहे आणि बोटाच्या टोकाइतकं संवेदनशील आहे. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेत अ‍ॅनोडर्म जपून वापरायचा ऐवज समजावा. दोन जखमांच्या मध्ये त्याचे पूल शिल्लक ठेवले नाहीत तर जखमा भरताना गुदमार्ग आकसतो. उलट चूक व्हाइटहेड यांच्या 1882 च्या शस्त्रक्रियेत दिसली. तिच्यात मूळव्याधीचा संपूर्ण वेढा कापून वरची श्लेष्मल त्वचा खाली ओढून शिवायची होती. ज्यांनी ती डेंटेट लाईनच्या पातळीवर न शिवता थेट बाहेरच्या कातडीला शिवली, त्यांच्या रुग्णांच्या गुदद्वारावर कायम ओलं, लाल, चिकट अस्तर उघडं पडलं. एक खूण दीड-दोन सेंमी खाली आणल्याची ही किंमत.

आता डेंटेट लाईन. कडेपासून सुमारे 2 सेंमी वर, करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेषा. दाते येतात कुठून? वरून खाली येणाऱ्या श्लेष्मल त्वचेच्या उभ्या घड्या, मॉर्गाग्नीचे स्तंभ, संख्येने माणसागणिक 6 ते 14. शेजारच्या दोन स्तंभांच्या तळाशी अर्धचंद्राकृती पडदा असतो, त्याला अ‍ॅनल व्हॉल्व्ह म्हणतात, आणि पडद्याच्या मागे छोटा खिसा, तो क्रिप्ट. काही स्तंभांच्या तळाशी लहानसा उंचवटा असतो, तो पॅपिला. प्रोक्टोस्कोप आत घालताना हे काहीच दिसत नाही. आतली दांडी काढून नळी हळूहळू बाहेर ओढताना वरचा गुलाबी-लाल रंग जांभळट होत जातो आणि मग अचानक फिकट, मॅट पृष्ठभाग सुरू होतो; तो बदल म्हणजे ही रेषा. घाईने नळी ओढली तर ती एका क्षणात निघून जाते, म्हणून शेवटचे 3 सेंमी सावकाश.

गर्भात वरचा भाग पश्चांत्रातून आणि खालचा भाग बाहेरच्या त्वचेच्या खळग्यातून बनतो. मधला पडदा साधारण आठव्या आठवड्यात फुटतो, आणि तो सांधा म्हणजे ही रेषा. दोन मुळं वेगळी असल्यामुळे बाकी सगळंच दुहेरी आहे. वरच्या भागाला इन्फिरियर मेसेंटेरिकपासून येणारी सुपिरियर रेक्टल धमनी, खालच्याला प्युडेंडलपासून येणारी इन्फिरियर रेक्टल. वरचं शिरांमधलं रक्त यकृताकडे, खालचं इलियाक शिरांकडे. वरची लसिका ओटीपोटातल्या गाठींकडे, खालची जांघेतल्या गाठींकडे. म्हणून गुदमार्गात अर्बुद दिसला की जांघ तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. जांघेतल्या न दुखणाऱ्या गाठीचं कारण शोधतानाही गुदमार्गात बोट घालायलाच हवं. ही तपासणी संकोचापायी राहून जाते आणि निदानाला महिने लागतात.

रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात ठळक फरक वेदनेचा. खालचा भाग प्युडेंडल चेतेच्या, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या सॅक्रल मुळांच्या ताब्यात: टोचणं, कापणं, उष्ण-थंड सगळं लख्ख कळतं. वरच्या भागाला स्वायत्त चेता, तिथे ताण कळतो, काप कळत नाही. म्हणूनच आतली मूळव्याध रक्त देते पण दुखत नाही आणि कडेवरची रक्ताची गुठळी रात्रभर झोपू देत नाही. दुखणं ही तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला न तपासता 'मूळव्याध' म्हणून मलम देणं चूक आहे. तीव्र दुखणं म्हणजे बहुतेकदा फिशर, गळू किंवा गुठळी, आणि तिन्ही रेषेशी किंवा रेषेखाली घडणाऱ्या गोष्टी.

पण ही सीमा सुरीच्या धारेसारखी नाही. डेंटेट लाईनच्या वर साधारण 0.5 ते 1 सेंमीचा एक संक्रमण पट्टा असतो. तिथे पेशी ना धड त्वचेच्या, ना धड आतड्याच्या. डथी आणि गेर्न्स यांनी 1960 मध्ये दाखवलं की संवेदनेची चेताटोकं रेषेच्या वरही काही अंतरापर्यंत भरपूर असतात. शरीराला त्याचा उपयोग आहे: मलाशय भरलं की इंटर्नल स्फिंक्टर क्षणभर सैल पडतो, आतलं थोडं या पट्ट्यापर्यंत उतरतं आणि ते वायू, द्रव की घन हे इथे पारखलं जातं. मोठ्या आतड्याच्या काही शस्त्रक्रियांत पाउच (लहान आतड्याची केलेली पिशवी) जोडताना 1 ते 2 सेंमीचा पट्टा मुद्दाम राखतात, त्यामागचं एक कारण हेच.

मूळव्याधीला रबर बँड लावणाऱ्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. 'रेषेच्या वर लावला' एवढ्याने भागत नाही. बँड रेषेपासून निदान 1 सेंमी, शक्य तर 2 सेंमी वर, मूळव्याधीच्या माथ्याशी बसायला हवा. लावण्यापूर्वी चिमट्याने ती जागा पकडून थोडी ओढून पाहावी. रुग्णाला चिमटा बसल्यासारखं दुखलं तर आणखी वर जायचं. ओढताना खालचं अस्तरही वर खेचलं जातं, त्यामुळे सुरुवातीला सुरक्षित वाटलेली जागा बँड सुटेपर्यंत संवेदनशील पट्ट्यात आलेली असू शकते. लावताक्षणी तीव्र दुखलं तर बँड तिथेच कापून काढावा. 'दोन दिवसांत बरं वाटेल' असं सांगून रुग्णाला घरी पाठवू नये. स्टेपलरच्या शस्त्रक्रियेतही टाक्यांची ओळ रेषेच्या 2 सेंमीहून खाली आली तर वेदना आणि सतत शौचाची भावना मागे लागते.

मूळव्याध आकसवणाऱ्या फिनॉलच्या इंजेक्शनची जागा आणखी वर, रिंगच्या पातळीवर, मूळव्याधीच्या देठाशी आणि श्लेष्मल त्वचेच्या खालच्या थरात. बदाम तेलातलं 5 टक्के फिनॉल, प्रत्येक जागी 3 ते 5 मिली. अस्तर फुगून वरच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसल्या की खोली बरोबर. ते पांढरं पडलं तर सुई फार वरवर आहे, पुढे व्रण होतो. काहीच फुगलं नाही तर सुई फार खोल. पुरुषात पुढच्या बाजूला खोल गेलेली सुई प्रोस्टेटमध्ये उतरते आणि मूत्रमार्गात गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. पुढच्या भिंतीमागे काय आहे हीदेखील एक खूणच आहे, फक्त ती भिंतीच्या पलीकडची.

मूळव्याधीच्या उशा (अस्तराखालच्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या) घड्याळाच्या तबकडीप्रमाणे नेहमी 3, 7 आणि 11 वाजता असतात, म्हणजे डावीकडे, उजवीकडे मागे आणि उजवीकडे पुढे, असं शिकवलं जातं. बहुतेकांत मुख्य उशा तिथेच सापडतात. पण हे सुपिरियर रेक्टल धमनीच्या तीन फांद्यांमुळे होतं हे स्पष्टीकरण टिकत नाही. थॉमसन यांच्या 1975 च्या अभ्यासात धमनीच्या फांद्या आणि उशांच्या जागा जुळल्या नाहीत. या उशा सगळ्यांनाच असतात, जन्मापासून असतात, आणि गुदमार्ग पूर्ण बंद करायला मदत करतात. त्या खाली घसरल्या, रक्त देऊ लागल्या की आजार. शिवाय साध्या मूळव्याधी बोटाला लागत नाहीत, दाबल्या की रिकाम्या होतात. बोटाला कडक काही लागलं तर ते दुसरं काहीतरी आहे असं धरून पुढे जावं.

पॅपिलाबद्दल दोन वाक्यं, कारण चूक वारंवार होते. जुन्या फिशरशेजारी वाढलेला पॅपिला पांढुरक्या, देठ असलेल्या गाठीसारखा लोंबतो आणि पॉलिप म्हणून स्नेअरने (तारेच्या फासाने) पकडला जातो. पाहायचं एवढंच की देठ कुठून निघतो: डेंटेट लाईनवरून निघत असेल तर पॅपिला, आणि त्यावर संवेदनशील अस्तर आहे; भुलेशिवाय कापू नये.

आता रिंग, कारण मलनियंत्रणाच्या दृष्टीने हिच्याइतकी महत्त्वाची जागा नाही. मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1934 मध्ये अ‍ॅनोरेक्टल रिंग हे नाव रुजवलं. प्युबोरेक्टॅलिस, एक्सटर्नल स्फिंक्टरचा खोल भाग आणि इंटर्नलचं वरचं टोक मिळून हा पट्टा बनतो, डेंटेट लाईनच्या सुमारे 1 ते 2 सेंमी वर. चाचपताना बोट पूर्ण आत न्या, मग आकड्यासारखं मागे वळवून हळू बाहेर ओढा. मागे आणि दोन्ही बाजूंना एका जाड पट्ट्याची धार अडते. रुग्णाला 'शौच रोखून धरा' म्हणा, ती धार बोटाला पुढे ढकलते. त्या धारेच्या वर मोकळं, फुगीर मलाशय. पुढच्या बाजूला ती धार जवळजवळ नसते, कारण प्युबोरेक्टॅलिस पुढे जोडलेलाच नाही. म्हणजे नाव रिंग असलं तरी हाताला लागतो तो यू.

हा यू नीट समजला नाही तर दोन चुका होतात. पहिली सोनोग्राफीत. एंडोअ‍ॅनल सोनोग्राफीत (गुदमार्गात प्रोब घालून केलेल्या) वरच्या पातळीवर प्युबोरेक्टॅलिस पुढे उघडा दिसतो, मधल्या पातळीवर इंटर्नलची काळी कडी आणि तिच्याभोवती एक्सटर्नलची उजळ कडी पूर्ण दिसते, आणि सगळ्यात खाली फक्त एक्सटर्नलचा त्वचेखालचा भाग. स्त्रियांमध्ये एक्सटर्नल पुढून आखूड असतो, त्यामुळे वरच्या चित्रात पुढे खिंडार दिसतं. ती स्नायूची फाटलेली जागा नव्हे. मधल्या पातळीवर खिंडार असेल तरच तक्रारी आणि प्रसूतीचा इतिहास जोडून फाटल्याचा विचार करावा.

दुसरी चूक भगंदराच्या शस्त्रक्रियेत, आणि तिचे परिणाम आयुष्यभराचे. भगंदराचा उगम बहुतेक वेळा क्रिप्टमध्ये उघडणाऱ्या ग्रंथीत. अशा ग्रंथी साधारण 4 ते 10, काही इंटर्नल स्फिंक्टर भेदून दोन स्फिंक्टरांच्या मधल्या फटीपर्यंत जातात. तोंड बुजलं, पू झाला, की तो याच फटीत साचतो. पार्क्स यांनी 1961 मध्ये ही मांडणी केली. तिथून तो खाली कडेपाशी येतो, एक्सटर्नल भेदून इस्किओअ‍ॅनल पोकळीत (गुदमार्गाच्या बाजूची चरबीने भरलेली जागा) जातो किंवा लेव्हेटरच्या (ओटीपोटाच्या तळाचा स्नायू) वर चढतो. 1976 च्या वर्गवारीत पार्क्स, गॉर्डन आणि हार्डकॅसल यांनी केलेले चार प्रकार म्हणजे पुवाच्या या वाटाच आहेत: दोन स्फिंक्टरांमधून जाणारा, एक्सटर्नलमधून जाणारा, प्युबोरेक्टॅलिसच्या वरून वळसा घालणारा आणि संपूर्ण स्फिंक्टरच्या बाहेरून जाणारा.

म्हणून आतलं तोंड डेंटेट लाईनच्या पातळीवर शोधायचं, सगळ्यात आधी मागच्या मध्यरेषेत. गुडसॉल यांचा 1900 चा नियम: गुदद्वारातून आडवी रेषा कल्पून, बाहेरचं तोंड तिच्या मागे असेल तर वाट वळून मागच्या मध्यरेषेत जाते, पुढे असेल तर सरळ जवळच्या क्रिप्टमध्ये. पुढचं तोंड कडेपासून 3 सेंमीहून दूर असेल तर तीही मागे वळलेली असू शकते. नियम मागच्या तोंडांसाठी बराच विश्वासाचा, पुढच्यांसाठी, विशेषतः स्त्रियांमध्ये, कमी. सळई जोराने ढकलू नये. खोटी वाट आणि खोटं तोंड तयार करणं फार सोपं आहे. बाहेरच्या तोंडातून सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून आत बुडबुडे कुठे येतात ते पाहणं जास्त प्रामाणिक.

आणि हे भूल देण्यापूर्वीच: वाट रिंगच्या किती खाली आहे हे रुग्ण जागा असताना, तो आवळत असताना बोटाने ठरवा. भुलेत रिंग सैल पडते आणि अंदाज चुकतो. वाटेखाली एक्सटर्नलचा एक तृतीयांशाहून जास्त भाग असेल तर सरळ कापून उघडण्याचा मोह टाळावा, सेटन (वाटेतून ओवलेला दोरा) घालून थांबावं. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूला त्याहूनही कमी स्नायू कापणं धोक्याचं. संपूर्ण रिंग कापली गेली की मलनियंत्रण जातं आणि नंतरच्या कुठल्याही दुरुस्तीने ते पूर्वीसारखं होत नाही.

पोकळ्यांपैकी एकच मुद्दाम सांगण्यासारखी, मागची खोल पोकळी: वर लेव्हेटर, खाली गुदद्वार ते माकडहाड जोडणारा बंध. इथे पू झाला तर बाहेर ना सूज ना लाली, पण बसता येत नाही, ताप आहे. बोटाने मागे फुगीर, अतिशय दुखरी जागा लागते. इथूनच पू दोन्ही बाजूंच्या इस्किओअ‍ॅनल पोकळ्यांत जाऊन घोड्याच्या नालाच्या आकाराचं गळू होतं. फक्त बाजू उघडल्या आणि मागची पोकळी उघडली नाही तर ते पुन्हा पुन्हा भरतं. लेव्हेटरच्या वरच्या गळवाचं तर आधी मूळ ठरवावं. दोन स्फिंक्टरांमधून वर चढलेलं मलाशयात उघडायचं, इस्किओअ‍ॅनलमधून चढलेलं खालून. उलट केलं तर सर्जन स्वतःच्या हाताने अवघड भगंदर तयार करतो.

फिशरची जागा हीदेखील खूण आहे. बहुसंख्य फिशर मागच्या मध्यरेषेत, अ‍ॅनोडर्ममध्ये, डेंटेट लाईनच्या खाली. स्त्रियांमध्ये काही पुढच्या मध्यरेषेत. मागच्या मध्यरेषेत रक्तपुरवठा मुळात कमी, त्यात इंटर्नल आवळलेला, म्हणून भरत नाही. बाजूला फिशर दिसली तर क्रोन (आतड्याचा दीर्घकाळचा दाह), क्षय, सिफिलिस, एचआयव्ही, कर्करोग यांचा विचार करावा. स्फिंक्टेरोटॉमी बाजूला करावी, फिशरच्या वरच्या टोकाइतक्याच उंचीची, रेषेच्या वर कधीच नाही. मागे केली तर भरताना खोबण पडते आणि तिथून ओल झिरपत राहते.

तपासणीचा क्रम असा ठेवता येतो. रुग्ण डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. आधी नुसतं पाहा, मग नितंब हलके बाजूला करा; फिशर बहुधा इथेच दिसते आणि मग बोट घालायचा हट्ट त्या दिवशी नको. बोटाला भरपूर जेली, बोटाचा पुढचा मऊ भाग गुदद्वारावर टेकवून थांबा, रुग्णाला हलका जोर करायला सांगा, स्नायू सैल पडला की बेंबीच्या रोखाने आत. पहिल्या पेरावर खाच, मग घट्ट गुळगुळीत नळी, मग मागची धार, मग मोकळी जागा. विश्रांतीतला आवळ मुख्यतः इंटर्नलचा, सांगितल्यावर येणारा एक्सटर्नलचा आणि प्युबोरेक्टॅलिसचा. दोन्ही वेगवेगळे नोंदवा. ऐच्छिक आवळ मिनिटभराच्या आत दमतो, म्हणून पाचेक सेकंदांत सुटला तरच ते लिहिण्यासारखं. बाहेर येताना बोट पूर्ण गोल फिरवा आणि हातमोज्यावर रक्त आहे का पाहा.

नोंद करताना घड्याळाचे आकडे वापरणार असाल तर रुग्णाची स्थिती सोबत लिहाच. लिथॉटमीत (उताणं, पाय वर धरलेल्या स्थितीत) 12 म्हणजे पुढे आणि 3 म्हणजे रुग्णाची डावी बाजू. एमआरआयच्या आडव्या छेदातही तसंच. पालथ्या, जॅकनाइफ स्थितीत सगळं 180 अंशांनी फिरतं: 3, 7, 11 च्या उशा डोळ्यांना 9, 1, 5 वर दिसतात. डाव्या कुशीवर रुग्ण असताना पायांकडून पाहिलं तर पुढची बाजू तुमच्या उजवीकडे येते आणि माकडहाड डावीकडे. '7 वाजता तोंड' एवढीच लिथॉटमीतली नोंद वाचून दुसऱ्या सर्जनने जॅकनाइफ स्थितीत शोध घेतला तर तो बरोबर उलट बाजूला सळई घालेल. त्यापेक्षा 'उजवीकडे मागे, कडेपासून 2 सेंमी, डेंटेट लाईनवर, रिंगच्या 1 सेंमी खाली' असं लिहिलेलं वाक्य कुठल्याही स्थितीत तोच अर्थ देतं.